समलिंगी ओढ जनावरांत असते का? असली तर टिकली कशी?

कागल तालुक्यातल्या एका दूध उत्पादकांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "पुतण्या इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला आहे. लग्नाचं बघायला लागलो तर म्हणाला, मला मुलींची ओढ नाही, मुलांचीच आहे. घरात रडारड झाली. थोरले बंधू म्हणतात, हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, जनावरंसुद्धा असं करत नाहीत. वहिनी म्हणतात, तीन मुलग्यांत धाकटा म्हणून लाडावला, माझंच चुकलं. डॉक्टर, तुमची हयात गाई-म्हशींच्या पैदाशीत गेली. जनावरांत हे असतं का? असलं, तर ज्यातून पिल्लू होत नाही ते निसर्गानं ठेवलं कशाला? आणि यावर एखादं इंजेक्शन वगैरे असतं का?"

असतं. आणि तुमच्या थोरल्या बंधूंनी ते गोठ्यात कितीतरी वेळा बघितलेलं असणार. एक गाय दुसरीवर चढायला लागली की घरोघरी फोन होतो, "डॉक्टर, गाय माजावर आलीय, संध्याकाळी या." गाईचा माज, म्हणजे गाभण राहायची वेळ, ओळखायची सगळ्यात खात्रीची खूणच ती. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी हलत नाही, उभी राहते, ती माजावर. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाईंचं कृत्रिम रेतन वेळेवर होतं ते मादी मादीवर चढते म्हणून, हे गोठ्यात वावरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हशीत मात्र हे फार कमी दिसतं. ती बळस, म्हणजे चिकट स्राव, टाकते, मधूनच ओरडते, दूध चोरते, आणि पुष्कळदा तेवढंही करत नाही. त्यालाच आपण मुका माज म्हणतो. कोल्हापूर म्हणजे म्हशीच्या दुधाचा मुलूख. गंगावेशीत कट्ट्यावर धार काढून ग्लास हातात देतात तोही म्हशीचाच, त्यामुळं मुक्या माजानं किती वेत लांबवलीत ते इथल्या पशुपालकांना विचारावं. एकाच गोठ्यातली, एकच वैरण खाणारी दोन जनावरं, आणि या बाबतीत वागणं एवढं वेगळं. गाय गाईवर का चढते याबद्दल एक अंदाज असा की लांबवरच्या वळूला ते दिसावं. दुसरा अंदाज मला जास्त पटतो. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या ज्या गाईचा माज डोळ्यांना दिसतो तिलाच वेळेवर भरवलं, तिचीच वासरं वाढली, आणि चढण्याची सवय गाईच्या रक्तात पक्की होत गेली. म्हणजे जे वागणं तुमच्या बंधूंना निसर्गाविरुद्ध वाटतं, ते गाईत वाढवायला बहुधा आपल्याच खापरपणज्यांचा हात लागलाय.

पण इथं एक लगाम घालतो, नाहीतर माझ्या उत्तराचा भलताच अर्थ निघेल. चढणं म्हणजे ओढ नव्हे. वीर्य गोळा करण्याच्या केंद्रावर सांगाड्यात पुष्कळदा नरच बांधलेला असतो आणि पैदाशीचा वळू त्याच्यावर चढतो. त्याला समोर कमानीसारखी पाठ आणि न हलणारं धूड मिळालं की पुरतं. त्यावरून तो वळू समलिंगी आहे असं कुणी म्हणणार नाही. उद्या मोकळा सोडला तर तो माजावरच्या गाईच्या मागेच जाईल. दुसऱ्या बाजूला, माणसाच्या बाबतीत आपण जेव्हा समलिंगी म्हणतो तेव्हा एखाद्या कृतीबद्दल बोलत नसतो. वर्षानुवर्षं टिकणारी, मनात आपोआप उठणारी ओढ असा तो अर्थ. तेव्हा गाईच्या दाखल्यानं "जनावरं असं करत नाहीत" हे वाक्य खोटं ठरतं, पण तुमचा पुतण्या तेवढ्यानं समजत नाही. त्यासाठी असं जनावर हवं, ज्याच्यासमोर मादी उभी असताना ते नराकडेच जातं, आणि दरवेळी जातं.

जाता जाता, आपल्या भागात हा विषय निघाला की लोक लगेच जोगत्यांचं, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात वावरणाऱ्या पुरुषांचं नाव काढतात. तो विषय वेगळा आहे. आपण पुरुष की बाई असं स्वतःला काय वाटतं हा एक प्रश्न, आणि ओढ कुणाची वाटते हा दुसरा. तुमचा पुतण्या पुरुषच आहे आणि स्वतःला पुरुषच समजतो.

मला हवं असलेलं जनावर म्हणजे मेंढा. अमेरिकेत आयडाहो राज्यात ड्युबॉइस इथं सरकारी मेंढी संशोधन केंद्र आहे. तिथं नर मेंढ्यांची पैदाशीच्या कामाची परीक्षा घ्यायचे. माजावरच्या मेंढ्या आणि दुसरे नर असे दोन्ही खोड्यात बांधायचे, परीक्षेच्या मेंढ्याला मोकळा सोडायचा आणि तो कुणाकडे जातो ते लिहून ठेवायचं. पुन्हा पुन्हा परीक्षा घेऊनही साधारण ८ टक्के मेंढे फक्त नरांकडेच गेले. आजारी नव्हते, अशक्त नव्हते, कामेच्छेत कमी नव्हते. काही मेंढे दोन्हींकडे गेले, काहींनी कुणाकडेच बघितलं नाही, हेही खरं. पण ते ८ टक्के महत्त्वाचे, कारण माणसाच्या कायमच्या ओढीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं उदाहरण प्राण्यांत क्वचितच सापडतं.

ऑरेगनमधल्या चार्ल्स रोझेली यांच्या गटानं २००४ मध्ये अशा मेंढ्यांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण २७ जनावरं होती: नराकडे जाणारे ८ मेंढे, मादीकडे जाणारे ९ मेंढे आणि १० मेंढ्या. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. भूक, तहान, तापमान, माज या सगळ्याचा कारभार तिथून चालतो. त्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, जो नरात मोठा आणि मादीत लहान असतो. नराकडे जाणाऱ्या मेंढ्यांत हा पुंजका मादीइतका लहान निघाला. अंडकोषातून येणाऱ्या नर हार्मोनची, टेस्टोस्टेरॉनची, रक्तातली पातळी मात्र दोन्ही प्रकारच्या मेंढ्यांत सारखीच. हे वाक्य ध्यानात ठेवा, इंजेक्शनच्या प्रश्नाला उत्तर देताना लागेल.

पुंजका लहान म्हणून ओढ तशी, की ओढ तशी म्हणून वापराअभावी पुंजका लहान? ही शंका रास्त आहे. त्यावर पुढच्या प्रयोगांनी बराच उजेड टाकला. मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. या पुंजक्यातला नर-मादी फरक जन्माआधीच पडलेला दिसतो. मादी गर्भाला ठरावीक दिवसांत टेस्टोस्टेरॉन मिळालं तर तिचा पुंजका नरासारखा मोठा होतो. मोठेपणी मेंढा खच्ची केला म्हणून त्याचा आकार बदलत नाही. म्हणजे रचना गर्भात पडते. मात्र गर्भातच हार्मोनची एक वाट अडवून, नराकडे जाणारे मेंढे मुद्दाम तयार करून बघण्याचा प्रयत्न झाला, त्याला अपेक्षित फळ आलं नाही. तेव्हा "हार्मोन कमी पडलं, झाला तसा" इतकं सोपं हे गणित नाही.

८ टक्क्यांच्या त्या आकड्यात मला पैदाशीच्या माणसाची एक गोष्ट दिसते. मेंढी पाळीव होऊन दहा हजार वर्षं होत आली. आपल्याकडचे धनगर पंचवीस-तीस मेंढ्यांमागं एक मेंढा ठेवतात. जो कामाचा नाही तो पुढच्या बाजाराला जातो. जगातला कुठलाही मेंढपाळ हेच करत आलाय. म्हणजे निसर्गाच्या निवडीवर माणसाची निवड, आणि तीही सुरीनं केलेली. इतकी छाटणी होऊनही हा गुण मेंढ्यांतून गेला नाही. ज्यातून पिल्लू होत नाही ते टिकतं कसं, या तुमच्या प्रश्नाला एवढ्या नेमक्या जागी धार येते. याचा अर्थ या गुणाचं मूळ फक्त त्या मेंढ्याच्या अंगात नाही. ते मूळ वाहणारी, आणि स्वतः भरपूर विणारी, जनावरं कळपात दुसरी असली पाहिजेत.

तिकडं वळण्याआधी इतर प्राण्यांचं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाचं कारण निराळं आहे, आणि "प्राण्यांत असतं" असं एका दमात म्हटलं की हा निराळेपणा हरवतो.

हवाई बेटांपैकी ओआहूवर काएना पॉइंट इथं लेसन आल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या निघाल्या. कारण हिशोबी आहे. वसाहतीत माद्या ५९ टक्के, नर कमी. या पक्ष्याचं एक अंडं उबवायला आणि एक पिल्लू वाढवायला दोघं लागतातच. मग दोन माद्या एकत्र संसार मांडतात, दुसऱ्या जोडीतल्या नराकडून अंडं फळवून घेतात आणि मिळून पिल्लू वाढवतात. काही जोड्या वर्षानुवर्षं टिकल्या. नर-मादीच्या जोडीपेक्षा त्यांची पिल्लं कमी जगतात, पण एकट्या मादीची शून्य जगली असती. इथं समलिंगी जोडी हीच पिल्लू होण्याची वाट आहे.

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिकोजवळ कायो सांतियागो बेटावर ऱ्हीसस माकडं आहेत. १९३८ साली ती भारतातूनच नेली होती. तिथल्या २३६ नरांवर २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. ७२ टक्के नर दुसऱ्या नरावर चढताना दिसले, मादीवर चढताना ४६ टक्के. जे नर एकमेकांवर चढत ते भांडणात एकमेकांची बाजू घेत. त्यांची पोरंही कमी नव्हती. वंशावळी हाताशी असल्यानं हा गुण किती आनुवंशिक आहे हेही काढता आलं: ६.४ टक्के. आकडा छोटा आहे, पण शून्य नाही, आणि उत्क्रांतीला छोटे आकडे पुरतात. बोनोबो वानरांतल्या माद्यांचं एकमेकींशी असलेलं लैंगिक वागणंही याच वळणाचं. त्यानं ताण निवतो, दोस्ती जुळते, खाण्यावरून मारामारी होत नाही. २०२३ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात सस्तन प्राण्यांच्या २६१ जातींमधल्या नोंदी तपासल्या. कळपानं राहणाऱ्या, आपसातली भांडणं मिटवावी लागणाऱ्या जातींत हे वागणं जास्त सापडलं.

फळमाशीची गोष्ट अगदी वेगळी. कुलबीर गिल या शास्त्रज्ञानं १९६३ मध्ये नोंदवलं की एका जनुकात बिघाड असलेले नर दुसऱ्या नरांभोवती प्रणयाचा नाच करतात. पुढं त्या जनुकावर ग्रंथ भरतील एवढं काम झालं. पण माशीतलं बटण माणसात शोधू नका. तसं एकच बटण माणसात नाही.

आणि मग प्रश्न पडतो की इतकं सगळं आहे तर लोकांना माहीत का नाही? त्याचं एक कारण नोंद करणाऱ्यांची लाज. ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जॉर्ज मरे लेविक १९११-१२ मध्ये अंटार्क्टिकात केप अडेअरला ॲडेली पेंग्विन बघत बसला होता. नर-नर संबंध आणि इतरही वागणं त्याला इतकं धक्कादायक वाटलं की त्यानं वहीत ते ग्रीक लिपीत लिहिलं, कुणाही ऐऱ्यागैऱ्याला वाचता येऊ नये म्हणून. त्याचं टिपण छापून चारचौघांपुढं आलं ते थेट २०१२ साली. शंभर वर्षं एक वही गप्प. अशा किती वह्या असतील!

आता मूळ प्रश्न. पिल्लू होत नाही, तर टिकलं कसं?

वळू एक थेंब दूध देत नाही, तरी वळूची निवड आपण त्याच्या मुलींच्या दुधावरून करतो. दुधाची जनुकं वळूच्या अंगात मुकी असतात, मुलीत बोलतात. उत्क्रांतीचा हिशोब असाच चालतो. जनुक एका देहात तोट्यात गेलं तरी त्याच्या बहिणीच्या, मावशीच्या, भावाच्या देहात नफ्यात असेल, तर पिढीदरपिढी ते पुढं सरकत राहतं. इटलीत आंद्रेआ कांपेरिओ-च्यानी यांनी २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. समलिंगी पुरुषांच्या आईकडच्या बायकांना, म्हणजे आई आणि मावश्यांना, सरासरीपेक्षा जास्त मुलं असल्याचं त्यांना आढळलं. अंदाज असा की जे जनुकांचं मिश्रण बाईत जननक्षमता वाढवतं तेच काही मुलांत पुरुषांची ओढ देतं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे तितकंसं स्वच्छ उतरलं नाही. तरी कल्पना म्हणून मला ती सगळ्यात कणखर वाटते, कारण मेंढ्याच्या कळपातलं कोडंही तिनं सुटू शकतं.

दुसरी कल्पना काका-मामांची. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९७० च्या दशकात ती मांडली. ज्याला स्वतःची मुलं नाहीत तो भाचे-पुतणे वाढवायला हात लावतो, आणि त्यांच्या अंगातून त्याचीच जनुकं पुढं जातात. ऐकायला गोड आहे. इंग्लंड-अमेरिकेत तपासलं तेव्हा समलिंगी पुरुष भाच्यांवर जास्त खर्च करतात असं काही दिसलं नाही. सामोआ बेटांवर मात्र पॉल वेझी यांच्या गटाला दिसलं. तिथं पुरुषांची ओढ असलेल्यांचा फाअफाफिने म्हणून एक मान्य वर्ग आहे, आणि भाचवंडांसाठी खपण्याची त्यांची तयारी इतर पुरुषांपेक्षा जास्त भरली. एकत्र कुटुंब आणि समाजाची मान्यता असेल तिथं हे चालत असावं, घराबाहेर काढलेल्या माणसाकडून भाच्यांची फी कशी भरली जाणार? पण शुद्ध आकडेमोड केली तर एका पोटच्या मुलाच्या जागी दोन जास्तीची भाचरं जगवावी लागतात. ते जड आहे. एकट्या या कारणावर मी भिस्त ठेवणार नाही.

तिसरी गोष्ट अभ्यासकांपेक्षा आपल्या लोकांना जास्त चांगली माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. पिल्लू होत नाही हे गृहीतच कच्चं आहे. आपल्या समाजात लग्न हे आवडीवर कधी होतं? वय झालं, बघितलं, उरकलं. मनात काही का असेना, पोरं झाली. शेकडो पिढ्या हेच चाललं. त्यामुळं या ओढीची जी किंमत वंशाला मोजावी लागली असती ती पूर्ण कधी मोजावीच लागली नाही. शिवाय बरीच माणसं दोन्हींच्या मधे कुठंतरी असतात, त्यांना मुलं होण्यात अडचणच नाही.

चौथ्या विचारानं प्रश्नच उलटा केलाय. जूलिया मंक आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये विचारलं की सुरुवातीच्या प्राण्यांत नर-मादी ओळखण्याची सोय तरी कुठं होती? कदाचित सगळेच सगळ्यांशी जुळवून बघत असतील, आणि फक्त विरुद्ध लिंगाशीच जुळवायचं हा चोखंदळपणा नंतर आला असेल. चोखंदळपणालाही खर्च येतो. कडधान्याला लागणारा भुंगा बघा. त्याचा नर समोर येईल त्याच्यावर चढतो. प्रत्येक वेळी खात्री करत बसला तर मादी निघून जाईल. मग थोडी चढाई वाया जाणं परवडतं. या विचारानं टिकलं कशाला हा सवालच अर्धा विरघळतो, आणि मला तो आवडतो. पण यातून किड्यांचं वागणं जितकं कळतं तितकी माणसाची ओढ कळत नाही.

माणसावर मी काही प्रयोग केलेले नाहीत, मी जनावरांचा डॉक्टर. पण पैदाशीचं शास्त्र एकच असल्यानं हे शोध आम्हीही बारकाईनं वाचतो. जुळ्या भावांवर १९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड यांनी केलेल्या अभ्यासात, एक भाऊ समलिंगी असेल तर दुसराही तसाच निघण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ५२ टक्के, वेगळ्या जुळ्यांत २२ टक्के आणि दत्तक भावांत ११ टक्के होतं. पुढं सरकारी नोंदींतून, न निवडता घेतलेल्या जुळ्यांत हे आकडे बरेच खाली आले. २०१० च्या स्वीडनमधल्या अभ्यासात पुरुषांत आनुवंशिकतेचा वाटा ३४ ते ३९ टक्के निघाला, स्त्रियांत १८-१९. २०१९ मध्ये तर ४,७७,५२२ लोकांची जनुकं तपासली. ठळक अशा फक्त पाच जागा सापडल्या, आणि सगळी जनुकं मिळूनसुद्धा वागण्यातला ८ ते २५ टक्केच फरक उलगडला. याचा सरळ अर्थ असा की गे-जीन म्हणून एक काही नाही. हजारो जनुकं चिमूटचिमूट भर घालतात, दूध किंवा उंचीसारखीच. रक्त तपासून पुतण्याबद्दल काही सांगता येणार नाही, कुणी सांगतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

उरलेलं काय? त्यातला मोठा भाग गर्भातला असावा. हे पशुपालकाला समजावणं सोपं आहे. खोंड आणि कालवड अशी जुळी झाली की आपण त्या कालवडीवर फार आशा ठेवत नाही. दहातल्या नऊ वांझ निघतात, कारण दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात आणि खोंडाची हार्मोन्स कालवडीच्या गर्भापर्यंत पोचून तिची घडण फिरवतात. जन्मताना ती कालवडच दिसते. फ्रँक लिली यांनी १९१६ च्या सुमारास हे उलगडलं. १९५९ मध्ये गिनिपिगवरच्या प्रयोगानं दाखवलं की गर्भात नर हार्मोन मिळालेली मादी मोठेपणी नरासारखी वागते, म्हणजे शरीरच नव्हे तर मेंदूही पोटात घडतो. माणसात मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात दोष आहे, ज्यात मुलीच्या गर्भाला नर हार्मोन जास्त मिळतं. अशा मुलींत पुढं स्त्रियांची ओढ असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. तरी त्यातल्या बहुसंख्यांना पुरुषच आवडतात.

सायमन लव्हे यांनी १९९१ मध्ये मृत माणसांच्या मेंदूत मेंढ्यासारखाच एक पुंजका मोजला आणि समलिंगी पुरुषांत तो लहान असल्याचं सांगितलं. तो अभ्यास वर्तमानपत्रांनी फार उचलून धरला. पण एकूण मेंदू ४१, आणि त्यातले समलिंगी सगळे एड्सनं गेलेले. माझ्या लेखी मेंढ्याचा पुरावा त्याहून वजनदार.

आता तुमच्या वहिनींसाठी. मुद्दाम विस्तारानं सांगतो, त्यांना वाचून दाखवा. तिसरा मुलगा आहे असं तुम्ही लिहिलंय. ब्लँचर्ड आणि बोगार्ट या संशोधकांनी १९९६ पासून एक गोष्ट दाखवलीय: आधी जन्मलेले जितके थोरले सख्खे भाऊ, तितकी मुलगा समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते, दर भावामागं साधारण एक तृतीयांशानं. बहिणींनी काही फरक पडत नाही. आणि हे एका आईच्या पोटच्या भावांनाच लागू होतं, सोबत वाढलेल्या सावत्र किंवा दत्तक भावांना नाही, हे २००६ मध्ये दिसलं. म्हणजे कारण घरात नाही, गर्भाशयात आहे. मुलग्याच्या गर्भात, फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राची काही प्रथिनं असतात, जी आईच्या शरीराला परकी. तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि दर मुलग्यागणिक ती वाढत असावीत. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला की होतो तो आरएच रक्तगटाचा प्रकार तुम्हाला ऐकून माहीत असेल, तशीच जात. २०१८ मध्ये अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं, थोरले भाऊ असलेल्या समलिंगी मुलांच्या आयांत जास्त सापडली. संख्याशास्त्राच्या काही जाणकारांनी भावांच्या क्रमाच्या या गणितावर अलीकडे आक्षेप घेतलेत, तो वाद चालू आहे. पण आक्षेप बाजूला ठेवला तरी आकडा बघा. थोरला भाऊ नसताना शक्यता १०० त २ धरली, तर दोन थोरल्यांनंतर ती साडेतीनच्या आसपास जाते. म्हणजे तिसऱ्या मुलांतही ९६ जण मुलींच्याच मागं लागणार. तेव्हा तुमच्या पुतण्याचं कारण हेच, असंही म्हणता येत नाही. लाडाचा, दुधाचा, उशिरापर्यंत आईजवळ झोपण्याचा यात काही संबंध नाही. होस्टेलवर राहिला, तालमीत गेला, पुण्याच्या संगतीनं बिघडला, यालाही आधार नाही. तसं असतं तर आपल्या तालमींनी आत्तापर्यंत जिल्ह्याचं चित्रच पालटलं असतं.

स्त्रियांबद्दल या सगळ्यात कमी बोललो, कारण शोधही कमी झालेत. थोरल्या भावांचा परिणाम बहुतेक अभ्यासांत त्यांना लागू झालेला नाही आणि त्यांची ओढ आयुष्यात जास्त सरकते, एवढं दिसतं.

मग माझं मत काय? एक कारण शोधूच नका. जनुकांचा वाटा आहे, गर्भाचा आहे, थोडा नशिबाचाही. आल्बट्रॉसचं कारण माकडाला लागत नाही, माकडाचं मेंढ्याला लागत नाही. समाईक इतकंच की कुठंच हे बाहेरून चिकटलेलं दिसत नाही.

आणि बंधूंना हेही सांगा की निसर्गात आहे म्हणून चांगलं, नाही म्हणून वाईट, हा न्याय मला मान्य नाही. डुकरीण स्वतःची पिल्लं खाते, तेही निसर्गातच. म्हशीकडून आपण नीती शिकायला जात नाही. पण "निसर्गक्रमाच्या विरुद्ध" हा आरोप असेल, जसा तो १८६० च्या दंडविधानात कलम ३७७ मधे लिहिला होता, तर तो आरोप प्राणिशास्त्राचा आहे, आणि प्राणिशास्त्रात तो टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलिंगी ओढ आजारांच्या यादीतून काढली होती.

इंजेक्शन नाही. मेंढ्याचं आठवा, रक्तातलं हार्मोन दोघांत सारखंच होतं. समलिंगी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन देऊन गेल्या शतकात बघून झालं. काहींची कामेच्छा वाढली, ओढीची दिशा तीच राहिली. विजेचे झटके, उलटीची औषधं, मांत्रिक, सगळं झालं, हाती आली ती मोडलेली माणसं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असा कल बदलण्याचा उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात कुणीतरी म्हणालंच असेल की लग्न करून टाकू, आपोआप ताळ्यावर येईल. येणार नाही. दुसऱ्याच्या घरची एक पोरगी मात्र आयुष्यभर कोडं सोडवत बसेल की माझ्यात काय कमी आहे. त्यानं लग्नाआधी सांगितलं हा तुमच्यावर आणि तिच्यावर उपकारच समजा.

तो पुण्यात एकटा आहे. झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, बोलणं बंद झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जाऊ दे, ते ताणासाठी. आधी फोन करून विचारा की कल बदलून देतो असं म्हणता का. हो म्हणाले तर दुसरा दवाखाना बघा. रात्री-अपरात्री गरज पडली तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. वहिनींनीही बोलायला हरकत नाही.